सल्ला: ऑफिसात दुपारी डुलकी काढू का?

एका मैत्रिणीचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात मांडते. वय ३२, दिवसभर स्क्रीनसमोर बसून आकडे तपासायचं काम. दुपारचे दोन-अडीच वाजले की डोळे जड होतात, एकच ओळ तीनतीनदा वाचली जाते, मीटिंगमध्ये मान खाली जाते आणि मग दचकून जाग येते. मध्यंतरी ती वॉशरूममध्ये जाऊन पाच मिनिटं डोळे मिटून बसायला लागली. एक दिवस रिकाम्या मीटिंग रूममध्ये टेबलावर डोकं टेकवलं ते थेट ५० मिनिटांनी उठली, हात बधिर, डोकं जड, आणि दारात टीम लीड उभे. "रात्री झोपत नाहीस का?" एवढंच म्हणाले ते, पण तिला फार लागलं. रात्री साडेबाराला झोपते, साडेसहाला उठते. घरचे म्हणतात आळस आहे, मैत्रीण म्हणते कॉफी वाढव. तिचे प्रश्न असे की हा आळसच आहे का, झोपायचं तर किती वेळ, सरांना सांगायचं कसं, आणि रविवारी दुपारी दीड-दोन तास झोपते ते चालेल का.

अगं, आळस नाहीये हा. आळशी माणूस काम टाळतो, तू तर काम नीट व्हावं म्हणून तोंडावर पाणी मारून परत जागेवर येऊन बसतेस. तुला बरं वाटावं म्हणून मी हे म्हणत नाहीये. आपण जागे असतो तोवर मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, जितका वेळ जागं तितका झोपेचा रेटा जास्त. त्याच वेळी शरीराचं आतलं घड्याळ आपल्याला जागं ठेवायची खटपट करत असतं, पण दुपारी साधारण १ ते ४ च्या मध्ये त्याचा जोर थोडा कमी पडतो आणि सकाळपासून साचलेला रेटा वर येतो. झोपेचं हे दुहेरी गणित अलेक्झांडर बोर्बेली या झुरिकच्या संशोधकाने १९८२ साली मांडलं आणि आजही झोपेचे डॉक्टर त्याच्याच आधाराने बोलतात. जेवणामुळे झोप येते असं आपण सर्रास म्हणतो पण दुपारी न जेवलेल्या माणसांनाही याच वेळेला मरगळ येते, भरपेट जेवलं की ती वाढते इतकंच. म्हणजे अडीच वाजता तुझं डोकं चालेनासं होतं यात तुझ्या स्वभावाचा दोष काही नाही. आणि त्यात तू रात्री सहाच तास झोपतेस, त्याबद्दल पुढे बोलते कारण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे.

आता किती वेळ झोपायचं. तुझं खरं गणित चुकलंय ते इथे. तू दोन प्रकार करून पाहिलेस, वॉशरूममधली पाच मिनिटं आणि मीटिंग रूममधली ५० मिनिटं, एक फारच कमी आणि एक फारच जास्त, आणि दोन्हींनी बरं वाटलं नाही म्हणून तुला वाटायला लागलंय की डुलकी आपल्याला मानवतच नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात ब्रुक्स आणि लॅक या दोघांनी नेमकं हेच तपासलं होतं. तरुण, एरवी चांगली झोप असणाऱ्या लोकांना रात्री पाचच तास झोपू दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजता कधी ५, कधी १०, कधी २०, कधी ३० मिनिटांची डुलकी काढू दिली, कधी अजिबात नाही. ५ मिनिटांच्या डुलकीने फारसा फरक पडला नाही. १० मिनिटांवाले उठल्या उठल्या तरतरीत होते आणि त्यांच्यातली काही सुधारणा अडीच तासांपर्यंत टिकली. २० मिनिटांचा फायदाही झाला पण तो दिसायला उठल्यावर अर्धा तास गेला. आणि ३० मिनिटं झोपलेले लोक उठल्यावर आधी आणखी मंद झाले, मग सावरले, त्यानंतर मात्र त्यांनाही फायदा मिळाला. तर तुझी ५० मिनिटं कुठे बसतात बघ.

का होतं असं? झोप लागली की सुरुवातीची मिनिटं हलक्या झोपेची असतात, हाक मारली की माणूस लगेच उठतो. साधारण अर्ध्या तासाच्या आसपास मेंदू गाढ झोपेत उतरायला लागतो आणि रात्रीची झोप कमी झालेली असेल तर त्याहूनही लवकर. त्या गाढ झोपेतून अलार्मने उठवलं की मग तू लिहिलंयस तसं होतं, आपण कुठे आहोत तेच काही क्षण कळत नाही, तोंड कोरडं, कोणी बोललेलं डोक्यात शिरत नाही. ही गुंगी कमी झोप झालेल्यांना जास्त जाणवते आणि ती अर्धा तास, कधी तासभरही रेंगाळते. तेव्हा माझं सरळ सांगणं, प्रत्यक्ष झोप १० ते २० मिनिटं आणि अलार्म २५ मिनिटांचा, कारण डोळा लागायलाही पाच-सात मिनिटं जातात. त्याच्या पुढे ऑफिसात जायचं नाही, कितीही गोड झोप लागली तरी. अलार्म बंद करून "अजून पाच मिनिटं" म्हटलंस की परत तोच पन्नास मिनिटांचा प्रकार होणार.

वेळ लवकरची धर. दुपारी १ ते ३ च्या मधली, लंच ब्रेकला लागून मिळाली तर सगळ्यात बरी. ४ नंतर पेंग आलीच तर उठून चालायला जा पण झोपू नकोस, नाहीतर साचलेला झोपेचा रेटा संध्याकाळीच खर्च होतो आणि रात्री साडेबाराचा दीड होतो.

जागेबद्दल एक महत्त्वाचं. टेबलावर हाताची घडी घालून त्यावर डोकं ठेवून झोपू नको. त्या दिवशी हात बधिर झाला तो त्यामुळेच, डोक्याचा सगळा भार हाताच्या नसेवर येतो, मनगटापासून बोटांपर्यंत मुंग्या येतात, मान एका बाजूला वळलेली राहते, आणि डोळा हातावर दाबला गेला असेल तर उठल्यावर थोडा वेळ धूसरही दिसतं. रोज असं करणाऱ्यांची मान आणि खांदा हमखास तक्रार करतो. खुर्ची मागे रेलता येत असेल तर रेल, डोकं मागे टेकेल अशी सोय कर, मानेला गळपट्टीसारखी प्रवासातली उशी मिळाली तर फारच छान, पाय थोडे वर. आडवं व्हायला मिळालं तर सोन्याहून पिवळं पण नाही मिळालं तरी अडत नाही, एका अभ्यासातल्या दमलेल्या पायलटांनी तर विमानातल्या खुर्चीत बसूनच झोप काढली होती, त्यांचं सांगतेच. डोळ्यांवर पट्टी किंवा ओढणी, कानात बोळे, फोन सायलेंटवर टाकून अलार्म व्हायब्रेशनवर ठेवून हातातच धर. मोठ्या कंपन्यांमध्ये झोपायच्या खास खोल्या असतात त्याचं कौतुक ठीक आहे, पण माझ्या मते डुलकीला खोली लागत नाही, अंधार लागतो आणि पुढची २५ मिनिटं आपल्याला कोणी हाक मारणार नाही ही खात्री लागते. वॉशरूममध्ये ती खात्री कधीच नसते, बाहेर कोणीतरी दार वाजवणार या धास्तीत शरीर सैल पडतच नाही. म्हणून म्हणते, लपून झोपणं सोड.

ते पायलट. नासाने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात पॅसिफिक महासागरावरून लांबचा प्रवास करणाऱ्या विमानांच्या पायलटांचा अभ्यास आहे. काही पायलटांना उड्डाणादरम्यान आळीपाळीने ४० मिनिटं विश्रांतीला दिली, बाकीचे तेवढा वेळ विमान सांभाळत होते. त्या ४० मिनिटांत प्रत्यक्ष झोप लागली सरासरी २६ मिनिटांची. ज्यांना विश्रांती मिळाली नाही त्यांच्यात प्रवासाच्या शेवटच्या दीड तासात, अगदी विमान उतरायच्या वेळेलासुद्धा, मेंदू काही सेकंदांपुरता झोपेकडे झुकल्याच्या खुणा कितीतरी जास्त दिसल्या. डोळे उघडे आणि मेंदू तेवढ्यापुरता गैरहजर. तुझी एकच ओळ तीनदा वाचायची अवस्था आणि मीटिंगमधलं दचकणं याच जातीचं आहे, फरक इतकाच की तुझ्या हातात विमान नाही, आकडे आहेत. पण ज्याची चूक पकडायची तो आकडाच जर त्या दोन सेकंदांत डोळ्यांखालून निसटला तर पुढे कोणाचा तरी ताळमेळ बिघडणार ना.

आणि डुलकीत फक्त थकवा जातो असंही नाही. २०२१ साली पॅरिसमधल्या संशोधकांनी लोकांना आकड्यांची कंटाळवाणी गणितं दिली, त्यात एक छुपी युक्ती होती, ती सापडली की उत्तर पटकन मिळायचं. मध्ये २० मिनिटं डोळे मिटून आरामात बसायला सांगितलं, हातात एक पेला दिला, झोप लागली की हात सैल होऊन पेला पडणार आणि जाग येणार. ज्यांना निदान १५ सेकंद तरी अगदी पहिल्या टप्प्याची, उंबरठ्यावरची झोप लागली त्यांच्यातल्या ८३ टक्के लोकांना ती युक्ती सापडली, पूर्ण जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना, आणि त्याहून खोल झोपेत गेलेल्यांना सगळ्यात कमी. एकाच अभ्यासावरून फार मोठं काही म्हणू नये पण एक गोष्ट मला त्यातून तुझ्यासाठी घ्यावीशी वाटते, झोप लागलीये की नाही हेही कळू नये इतकी हलकी डुलकीसुद्धा वाया जात नाही. अनेक जण सांगतात "मला झोपच लागत नाही, नुसती पडून राहते". अशा हलक्या झोपेतून उठवलेली माणसं बऱ्याचदा "मी जागाच होतो" असं म्हणतात. तेव्हा डोळे मिटून पडल्यावर झोप लागतेय का याचा हिशोब ठेवत बसू नको, नाही लागली तर नाही लागली, तेवढा वेळ डोळ्यांना स्क्रीन नव्हती हेही काही कमी नाही.

कॉफीचं मैत्रिणीने सांगितलंय ते अर्धं बरोबर आहे. कॅफिन अडेनोसिनची जागा अडवतं म्हणून झोप जाणवत नाही पण साचलेला रेटा तिथेच असतो, आणि पोटात गेलेलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, मग चारची कॉफी रात्री नऊ-दहालाही अंगात असते आणि तू साडेबारापर्यंत जागी का राहतेस याचं एक कारण तिथेच मिळेल. कॉफी वाढवू नको, तिची वेळ बदल. डुलकीच्या अगदी आधी एक कप पी आणि लगेच डोळे मिट. कॅफिनचा परिणाम जाणवायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात तुझी डुलकी आटोपते आणि उठताना दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या रेनर आणि हॉर्न यांनी १९९७ साली झोपाळलेल्या ड्रायव्हरांवर सिम्युलेटरमध्ये हे करून पाहिलं, कॅफिन अधिक १५ मिनिटांहून छोटी डुलकी, गाडी लेन सोडून जायचं प्रमाण नुसत्या कॅफिनपेक्षाही कमी झालं. तू स्वतः गाडी चालवत घरी जात असशील आणि वाटेत डोळे मिटायला लागले तर हेच कर, गाणी मोठ्याने लावून, खिडकी उघडून भागत नाही, गाडी सुरक्षित जागी बाजूला घे आणि पंधरा मिनिटं झोप.

उठल्यावर लगेच तपासायला बसू नको. उजेडात जा, तोंड धू, जिना चढून-उतरून ये किंवा पाण्याची बाटली भरून आण. पहिली दहा मिनिटं फायली नावाने लावणं, मेल चाळणं असं बिनजोखमीचं काम घे आणि मग आकड्यांकडे वळ.

आता रात्रीचं. सहा तास कमी आहेत गं. मोठ्या माणसाला रात्री निदान ७ तास हवेत असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१५ मध्ये एकत्र बसून सांगितलं, आणि "मला सहा पुरतात" असं म्हणणाऱ्या बहुतेकांना ते पुरत नसतात, फक्त त्यांना ते कळत नसतं. हे कळत नसणं फार महत्त्वाचं आहे. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासात काही जणांना सलग दोन आठवडे रात्री सहाच तास अंथरुणात राहू दिलं. रोज त्यांचं लक्ष आणि चपळता थोडी थोडी घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाच्या पातळीला पोचली. पण झोप येतेय का असं विचारलं तर ते म्हणत होते थोडीशीच, सवय झालीये. तुलाही सवयच झालीये. म्हणून डुलकी तुझ्या दुपारला आधार देईल पण रात्रीची तूट ती भरून काढणार नाही, वीस मिनिटांत एक तास मावत नाही. साडेबाराचे साडेअकरा कर, आजच्या आज नाही, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं मागे आण, फोन बिछान्यापासून लांब चार्जिंगला लाव. एवढं केल्यावर दुपारची पेंग आपोआप किती उतरते ते बघ, कदाचित डुलकी रोज लागणारही नाही.

आणि उलट परिस्थिती असेल, म्हणजे बिछान्यात वेळेवर पडतेस पण झोपच लागत नाही, तासन्तास कूस बदलत राहतेस, तर दुपारची डुलकी पूर्ण बंद कर. निद्रानाशावर उपचार करणारे डॉक्टर सगळ्यात आधी हेच सांगतात, दुपारी झोपून रात्रीच्या झोपेची भूक मारू नका.

रात्री सात-आठ तास नीट झोपूनही दुपारी डोळे उघडे राहत नसतील तर मात्र डॉक्टरकडे जायचं, टाळायचं नाही. घोरणं आणि झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणं आहेत आणि ती बायकांमध्ये बऱ्याचदा ओळखलीच जात नाहीत. रक्तात लोह कमी असणं, थायरॉइड, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, मन खचलेलं असणं, या सगळ्यांनी झोप येत राहते. एक साधी चाचणी आहे, एपवर्थ स्केल, मरे जॉन्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९९१ मध्ये केलेली. वाचताना, टीव्ही बघताना, मीटिंगसारख्या ठिकाणी गप्प बसल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर अशा आठ प्रसंगी डोळा लागायची शक्यता किती याला ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज १० च्या वर गेली तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. बोलता बोलता समोरच्याशी गप्पा मारताना झोप लागत असेल तर बेरजेची वाटही बघू नको.

सरांचं. मला वाटतं ते रागावले नव्हते, त्यांना आश्चर्य वाटलं होतं, कारण त्यांना काहीच माहीत नसताना दार उघडल्यावर तू झोपलेली दिसलीस. ते परत घडू नये याचा उपाय म्हणजे आधी सांगणं. परवानगी कामाच्या वेळेतली मागू नको, ब्रेकमधलीच माग, आणि मागताना त्रास सांगण्यापेक्षा काम सांग. असं काहीतरी बोल: "सर, त्या दिवशी मीटिंग रूममध्ये माझा डोळा लागला त्याबद्दल बोलायचं होतं. दुपारी अडीचच्या सुमाराला माझं लक्ष कमी होतं आणि तपासणीत चूक राहील अशी मला भीती वाटते. माझ्या लंच ब्रेकमधली २५ मिनिटं मी छोट्या मीटिंग रूममध्ये डोळे मिटून पडू का? रूम कोणाला हवी असेल तर लगेच सोडीन. दोन आठवडे करून बघते, मग आपण दुपारच्या चुका किती निघाल्या ते एकत्र बघू." एवढंच. जास्त खुलासे नको, रात्रीचं, घरचं काही सांगायची गरज नाही. ते नाही म्हणाले तर वाद घालू नको, ब्रेकमध्ये खुर्चीत मागे रेलून डोळ्यांवर पट्टी बांधून १० मिनिटं काढ, शेजारणीला सांगून ठेव, आणि सगळ्यात बारीक नजरेचं काम सकाळी उरकून दुपारी फोन, फॉलोअप असली कामं ठेवता येतात का ते बघ.

घरच्यांना पटवायच्या मागे लागू नको. तू संध्याकाळी कमी चिडचिडी झालीस की त्यांचं मत आपोआप बदलेल.

रविवारचं राहिलं. आठवडाभराची झोप कमी पडलेली असेल तर सुट्टीच्या दिवशी दीड तास झोपायला हरकत नाही, दीड तासात झोपेचं एक पूर्ण चक्र होतं आणि उठताना पुन्हा हलकी झोप आलेली असते म्हणून ५० मिनिटांसारखं डोकं जड होत नाही. दोन तासांच्या पुढे मात्र जाऊ नको आणि तीनच्या आत उठ. रविवारी रात्री बिछान्यात पडून छताकडे बघत राहायची वेळ आली तर पुढच्या रविवारी ती झोप अर्ध्या तासाच्या आत आण आणि सकाळी तासभर जास्त झोपून घे.